रिंगोचा ड्रमसेट आणि रिंगोसारखा ड्रमसेट

प्रश्न: माझं वय 51. निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेतला जवळपास चौथा हिस्सा काढून लुडविग या अमेरिकन कंपनीचा 1965 चा ड्रमसेट घ्यायचं मनात आहे. रंग काळा ऑयस्टर पर्ल (ड्रमवरचं शिंपल्यासारख्या नक्षीचं आवरण), म्हणजे बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याच्या सेटचा. दहा वर्षांत किंमत दुप्पट होईल, असं विक्रेता म्हणतो. मी हौशी ड्रमर आहे. घ्यावा का?

उत्तर: निवृत्तीच्या पैशांतून, नको. हौसेसाठी वाजवायला सेट घेणं हा वेगळा व्यवहार आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो.

विक्रेत्याच्या बोलण्याला 2015 च्या लिलावाचा आधार असावा. त्या वर्षी रिंगोचा पहिला लुडविग सेट 20 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. पण तो खुद्द रिंगोने वाजवलेला होता. तुमच्यासमोरचा नुसता त्या रंगाचा आहे.

आता गंमत बघा. 9 फेब्रुवारी 1964 ला एड सलिव्हनच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात बीटल्स वाजले, ते सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी पाहिलं, आणि पायाने वाजवायच्या मोठ्या बास ड्रमवरचं 'लुडविग' हे नाव घरोघरी पोचलं. मागणी इतकी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. म्हणजे ज्या प्रसिद्धीने गिऱ्हाईक आणलं, तिनेच मालही बाजारात ओतला. 1965 चा लुडविग चांगला असतो, दुर्मीळ नसतो. तरीही या रंगासाठी तुम्ही जास्त मोजणार आहात. रिंगोच्या नावाचे पैसे विक्रेता आजच वसूल करतोय, मग दहा वर्षांनी तुमच्या वाट्याला काय उरणार?

शिवाय तेव्हा टीव्हीसमोर बसलेली मुलं आज सत्तरीच्या आसपास आहेत. तुम्ही विकायला निघाल तेव्हा त्यांच्याच घरांतले सेट बाजारात येत असतील. स्लिंगरलँड या दुसऱ्या ड्रम कंपनीच्या 'रेडिओ किंग'चं उदाहरण घ्या. जुन्या काळचा जॅझ ड्रमर जीन क्रूपा याच्यामुळे ते ड्रम गाजले. क्रूपाला प्रत्यक्ष ऐकलेली पिढी सरली, तरी रेडिओ किंगचा स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) आजही वादक शोधतात, कारण मेपलची एकच अखंड फळी वाफेवर वाकवून त्याचा शेल, म्हणजे ड्रमचा गोल सांगाडा, केलेला असतो. आवाजाला गिऱ्हाईक राहतं. आठवणींचं गिऱ्हाईक वयाबरोबर कमी होतं. हा माझा अंदाज आहे, पण निवृत्तीचे पैसे मी त्याच्या उलट बाजूला लावणार नाही.

हिशेबही करून पाहा. 100 ला घेतलं आणि विकताना 20 टक्के कमिशन गेलं, तर नुसतं मुद्दल परत यायला किंमत 125 व्हावी लागते. मधल्या काळात व्याज नाही, लाभांश नाही. विमा आणि दमट हवेपासून जपणूक मात्र तुमच्याच खिशातून.

'अमुक ड्रमरने हा वाजवलाय' असं कोणी सांगितलं, तर त्या काळचा फोटो मागा. ऑयस्टर पर्लची नक्षी प्रत्येक ड्रमवर वेगळी पडते, त्यामुळे फोटोतल्या रेषा समोरच्या ड्रमशी जुळवून पाहता येतात. त्या जुळत नसतील तर 'हा त्यानेच वाजवलाय' अशा नुसत्या पत्रावर एक पैसाही जास्त देऊ नका. ड्रमवर लावलेल्या कंपनीच्या बॅजवरच्या अनुक्रमांकावरूनही वर्ष ठरवू नका, कारण ते क्रमाने लावलेले नव्हते. शेलच्या आत तारखेचा शिक्का आहे का ते टॉर्च लावून बघा. एका ड्रमवर 1965 आणि दुसऱ्यावर 1968 निघालं, तर तो सेट नंतर जुळवलेला आहे. नवीन पाडलेली भोकं आणि बदललेलं आवरण यांनीही संग्राहकाच्या लेखी किंमत बरीच उतरते.

आता हौसेचं. एकूण बचतीच्या 5 टक्क्यांच्या आत, आणि बुडाले तरी झोप उडणार नाही अशाच पैशांतून घ्या. त्याच वर्षाचा, त्याच मापांचा पण दुसऱ्या रंगाचा सेट विचारा. आवरण बदललेला किंवा एखादं जास्तीचं भोक असलेला मिळाला तर उत्तमच. वाजवायला तो तितकाच चांगला असतो, आणि संग्राहक त्याच्याकडे फिरकत नसल्यामुळे भावात घासाघीस करायला तुम्हाला भरपूर वाव मिळतो.