कोटलिन शिकायची तर ॲप थोडे दिवस बाजूला ठेवा

तुम्ही तीन महिने कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेचे व्हिडिओ बघताय, बघताना सगळं समजतं, आणि कोरी फाइल समोर आली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. त्यावर दोन गोष्टी विचारल्यात: आधी जावा शिकून घ्यावी का, आणि भाषा किती आली की ॲप करायला घ्यावं.

जावाचं आधी उरकतो. नको. जेटब्रेन्स या कंपनीने कोटलिन २०११ मध्ये जाहीर केली, १.० आवृत्ती २०१६ मध्ये आली, २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून अँड्रॉइडचा कारभार कोटलिनला पुढे ठेवूनच चालतो. जेटपॅक कंपोजमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या स्क्रीन बनवायच्या साधनात, स्क्रीन लिहायची तर कोटलिनला पर्यायच नाही. जावा वाचता आली तर बरं, कारण जुनी उत्तरं आणि बऱ्याच लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) तिच्यात आहेत. पण तेवढं वाचन कोटलिन आल्यावर आपोआप जमतं. (दोन्ही भाषांची नावं बेटांची आहेत. कोटलिन बेट सेंट पीटर्सबर्गजवळ आहे. याचा उपयोग काही नाही, पण लक्षात राहतं.)

आता हात का चालत नाही ते. तुम्ही भाषा आणि अँड्रॉइड असे दोन विषय एकत्र शिकताय. ग्रेडल (कोडातून ॲप बांधणारं साधन) रुसलं, इम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) उठला नाही, परवानगी द्यायची राहिली, यातलं काहीच कोटलिन नव्हे. पण नवशिक्याला लाल ओळ दिसली की ती कुणाची आहे हे ओळखता येत नाही, आणि चूक कुणाची ते कळत नसेल तर त्या चुकीतून शिकायलाही मिळत नाही. म्हणून तीन-चार आठवडे अँड्रॉइडचा प्रोजेक्ट उघडूच नका. साधा कन्सोल प्रोग्रॅम, म्हणजे नुसता मजकूर वाचणारा आणि छापणारा, लिहा: खर्चाची वही. एक ओळ वाचायची, त्यातून रक्कम आणि कारण वेगळं करायचं, यादीत घालायचं, ‘बेरीज’ लिहिलं की कारणवार बेरीज दाखवायची. बटण नाही, रंग नाही. व्हिडिओ बंद, आणि कोड आपोआप पूर्ण करून देणारा सहायकही बंद. तो चालू असला की व्हिडिओसारखंच होतं: सगळं पटतं आणि हाताला काही लागत नाही.

ही वही लिहिताना पहिल्याच तासात नल भेटेल. कोटलिनचा गाभा मला विचाराल तर तोच आहे, म्हणून इथे रेंगाळतो. ‘इथे काहीच नाही’ असं सांगणारा नल संदर्भ संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कोटलिनने नल काढून टाकला नाही, त्याला किमतीच्या प्रकारात (टाइपमध्ये) नोंदवला. ‘स्ट्रिंग’ म्हणजे मजकूर असणारच, ‘स्ट्रिंग?’ म्हणजे असेल किंवा नसेल. हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दुसरा पहिल्याच्या जागी थेट ठेवायला गेलात की कंपायलर (चालवण्याआधी कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) अडवतो. वापरकर्त्याने रकमेच्या जागी ‘चहा’ लिहिलं तर? मजकुराचा आकडा करायला ‘टु-इंट’ वापरलं असेल तर प्रोग्रॅम कोसळतो. ‘टु-इंट-ऑर-नल’ वापरलं तर नल मिळतो आणि पुढे काय करायचं ते तुम्हाला ठरवावंच लागतं. ?. म्हणजे असेल तर पुढे जा, ?: म्हणजे नसेल तर हे घे. एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं.

आणि !! म्हणजे ‘मी जबाबदारी घेतो, नल नाहीच’ असं कंपायलरला दटावणं. मी सुरुवातीच्या दिवसांत लाल रेघ दिसली की !! टाकायचो. रेघ जायची. ॲप माझ्या फोनवर छान चालायचं आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडता उघडता बंद पडायचं, कारण साठवलेलं नाव माझ्याकडे होतं, त्याच्याकडे नव्हतं. खर्चाच्या वहीत एकही !! चालणार नाही असा नियम स्वतःला घाला.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. नल नाही ना हे ‘इफ’ने तपासलं की आतल्या ओळींत कोटलिन ती गोष्ट नल नाही असंच धरते. पण तीच क्लासमधली ‘व्हार’ (जिची किंमत पुढे बदलता येते) असेल तर धरत नाही, आणि ‘मधल्या काळात ही बदलली असू शकते’ अशा अर्थाची तक्रार करते. लोक इथे वैतागून !! टाकतात. तक्रार खरी आहे: तपासणं आणि वापरणं यांच्या मधल्या क्षणी दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रॅमात सोबत चालणारं दुसरं काम, ती किंमत बदलू शकतो. ती आधी फंक्शनच्या आतल्या ‘व्हॅल’मध्ये (जिला पुन्हा दुसरी किंमत देता येत नाही) उतरवून घ्या आणि मग तपासा. जावातून आलेल्या किमतींबाबत मात्र हा पहारा ढिला असतो. तिकडून नल येईल की नाही हे कंपायलरला बरेचदा माहीतच नसतं, त्यामुळे तिथे संशय आपणच बाळगायचा.

‘व्हॅल’ आणि ‘व्हार’ हा फरक सगळे पहिल्या दिवशी शिकतात आणि अर्धवट शिकतात. ‘व्हॅल’ म्हणजे नाव दुसऱ्या वस्तूला चिकटवता येणार नाही, इतकंच. ती वस्तू बदलणारी यादी असेल तर तिच्यात भर घालता येतेच. पेटी तीच, आतला माल बदलतो. हे कळायला मला कंपोजमध्ये अख्खा रविवार गेला. स्टेटमध्ये, म्हणजे ज्यावरून स्क्रीन रंगते त्या साठ्यात, बदलणारी यादी ठेवली होती, बटण दाबलं की तिच्यात नोंद पडत होती, छापून पाहिलं तर नोंद आहे, आणि स्क्रीन ढिम्म. कारण कंपोजचं लक्ष स्टेटमध्ये नवी किंमत ठेवली जाते का याच्यावर असतं. साध्या यादीच्या पोटात परस्पर भर घातली, तर त्याला पत्ताच लागत नाही. जुनी यादी अधिक नवी नोंद अशी नवी यादी करून स्टेटमध्ये ठेवली की स्क्रीन लगेच हलते. डेटा क्लासचंही (नुसती माहिती धरून ठेवणाऱ्या क्लासचंही) तेच: आतली ‘व्हार’ परस्पर बदलू नका, सगळे ‘व्हॅल’ ठेवा आणि ‘कॉपी’ने बदललेली प्रत बनवा. म्हणजे ज्याला मी कंपोजचा बग म्हणत होतो ते माझं भाषेचं कच्चेपण होतं. ही सवय कन्सोलवरच लावून घ्या.

आकड्यांबद्दल दोनच गोष्टी. पैसे ‘डबल’ या दशांश आकड्यांच्या प्रकारात ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथे नेमकी ०.३ येत नाही. चलनाच्या सर्वांत लहान एककात ‘लाँग’ (मोठा पूर्णांक) ठेवा. आणि ‘इंट’ हा साधा पूर्णांक २१४७४८३६४७ ला संपतो. दिवसांचे मिलिसेकंद करायला गेलात तर २४ दिवस मावतात, पंचविसाव्याला आकडा गुपचूप उणे होतो. मी केलेल्या आठवणीच्या ॲपमध्ये महिन्याभराने वाजायची घंटा ‘ठीक आहे’ दाबताच वाजली होती. वापरकर्त्याने किती दिवस भरले हे कंपायलरला आधी कळत नाही, त्यामुळे सावध करायलाही कुणी नव्हतं.

याखेरीज फंक्शन, ‘व्हेन’, याद्या आणि मॅप, लॅम्डा, आणि ‘फिल्टर’, ‘मॅप’, ‘ग्रुप-बाय’ ही तीन यादीवरची फंक्शनं एवढं हातात बसू द्या. ‘लेट’, ‘अप्लाय’, ‘ऑल्सो’, ‘रन’ या मंडळींचा फरक पाठ करत बसू नका. दुसऱ्याच्या कोडात दिसले तर बघून घ्या. जेनेरिक्स आणि डेलिगेशन सध्या सोडाच. कोरुटीन (वेळखाऊ काम बाजूला चालवायची सोय) लागतील, पण नेटवरून काही आणायची वेळ येईल तेव्हा. तोवर इतकंच ध्यानात ठेवा की स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर वेळखाऊ काम टाकायचं नाही. स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची पाटी अँड्रॉइड लावतं.

किती आलं की ॲप, याचं माझं माप असं आहे. वहीचा हिशोब एका फाइलमध्ये आणि वाचणं-छापणं दुसऱ्या फाइलमध्ये, असे दोन तुकडे करा. मग अँड्रॉइडचा नवा प्रोजेक्ट उघडा, हिशोबाची फाइल जशीच्या तशी तिथे टाका आणि कंपोजमध्ये फक्त एक यादी, एक चौकट, एक बटण लिहा. हिशोबाच्या फाइलला हात न लावता स्क्रीनवर बेरीज दिसली तर पुढे चला. तिच्यात बदल करावे लागले, तर छापण्याची एखादी ओळ हिशोबात घुसलेली असणार. कन्सोलवर परत जाऊन आधी ती बाहेर काढा.