मोबाइलवरून पहिल्यांदाच प्रवास ठरवताना

नाशिकरोडहून देवदर्शनाच्या प्रवासाचा कार्यक्रम तुम्ही एआय चॅटबॉटकडून आखून घेतला आहे आणि तो तसाच वापरावा का, असे विचारता. कच्चा आराखडा म्हणून तो चांगला आहे; मात्र त्यातील गाड्यांच्या व दर्शनाच्या वेळा अधिकृत संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय पैसे भरू नका, कारण ही साधने चुकीची माहितीही तितक्याच ठामपणे देतात.

सुरुवातीला रेल्वेचे आरक्षण नीट जमले तरी पुष्कळ झाले. आयआरसीटीसीचे (रेल्वेच्या अधिकृत ऑनलाइन तिकीट सेवेचे) खाते आजच आधारशी जोडून घ्या. जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ तिकीट काढता येत नाही. शिवाय आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी खुले होते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- मुंबईहून रात्री उशिरा सुटणारी गाडी नाशिकरोडला मध्यरात्रीनंतर येते, तेव्हा तिथून चढणाऱ्याने तिकीट काढताना तारीख मुंबईची नव्हे, नाशिकरोडची पाहावी. अनेक जण इथेच फसतात आणि स्थानकावर पोहोचतात तेव्हा गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.
- चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षायादीत राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते. ते घेऊन गाडीत चढू नये.
- भक्तनिवासाची खोली शोधताना वर दिसणारी जाहिरात अधिकृत समजू नये. देवस्थानाच्या संस्थानाचा संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा आणि कुणाच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर आगाऊ रक्कम पाठवू नये.

भाड्यांची तुलना करणारी ॲप्स तूर्त बाजूला ठेवा. आधी मनमाड किंवा मुंबईपर्यंतचे एक साधे तिकीट स्वतः काढा. तुम्हाला ते नक्की जमेल.