सोनं तारण ठेवायच्या आधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तुझे आप्पा सोसायटीत भेटले. पोरीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, आता तुझ्या आईचं सोनं तारण ठेवतो म्हणाले. मी म्हटलं, थांबा जरा. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या फीच्या खिडकीत गेली, त्यामुळं राहवलं नाही.

कॉलेजनं दिलेल्या कागदावर एकच मोठा आकडा असतो, त्याला घाबरू नकोस. त्याची फोड मागून घे. शिक्षण शुल्क किती, परीक्षा शुल्क किती, विकास शुल्क किती. तुझा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून आहे आणि तू एसईबीसीत, म्हणजे मराठा आरक्षणाच्या प्रवर्गात आहेस. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर 2024-25पासून एसईबीसी, ओबीसी, ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकातल्या) मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वी निम्मं होतं. मॅनेजमेंट कोट्याला मात्र यातलं काही नाही.

उरतं ते विकास शुल्क, होस्टेल, मेस. खरं ओझं तिथंच. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग उभं केलं ते उगीच नव्हे. आपली जमीन थोडी, तेव्हा अल्पभूधारकाचा दाखला काढून पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर भर.

आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आधी बघ. एका पोराचे पैसे त्याच्या जुन्या, विसरलेल्या खात्यात जाऊन पडले होते. वर्षभर तो माझ्या खिडकीशी भांडत होता, आणि मीही त्यालाच ओरडत होतो! अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा, तेही विसरू नकोस.

एवढं वजा करून जे राहील, तेवढ्याचाच विचार कर. आप्पांचं ऊसबिल हंगामात येणार आणि फी त्याच्या आधी मागणार. म्हणून हप्ते पाडून मागणारा अर्ज प्राचार्यांच्या नावे लिही, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. तरीही कमी पडलं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघ. 7.5 लाखांपर्यंत त्याला सहसा तारण लागत नाही. मंजूर कितीही होवो, लागेल तेवढंच उचल. व्याज उचललेल्या रकमेवरच बसतं, आणि ते शिकत असतानाही चढत राहतं. जमेल तेव्हा तेवढं व्याज तरी भरत जा.

आईचे दागिने राहू देत घरात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोमवारी सेतूत जाशील तेव्हा रेशनकार्ड आणि सातबारा बरोबर ने. सकाळी लवकर जा, दुपारी सर्व्हर डाऊन असतो.

तुझा,
काका