कातरवेळ दुपारी साडेचारला येते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये साताऱ्याहून टोरोंटोला आलात, स्कारबरोत बेसमेंटमध्ये राहता, काम घरूनच. ऑक्टोबरपर्यंत सगळं बरं चाललं होतं. घड्याळं मागे गेल्यापासून मात्र रोज संध्याकाळी गळा दाटून येतो, आईचा आवाज ऐकला की रडू फुटतं, सकाळी उठवत नाही. हा मनाचा दुबळेपणा आहे का, आणि डिसेंबरात महिनाभर घरी जाऊन यावं का?

दुबळेपणाचा विषय सोडून द्या. आधी घड्याळाकडे बघा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी असलेलं अंतर साडेनऊचं साडेदहा तास होतं. डिसेंबरात सूर्य ४ वाजून ४० मिनिटांच्या आसपास मावळतो. २१ डिसेंबरचा दिवस इथे नऊ तासांना थोडा कमीच भरतो, साताऱ्यात तो अकरा तासांचा असतो. म्हणजे आपल्याकडची कातरवेळ इथे दुपारच्या चहालाच येऊन बसते. आणि तेव्हा भारतात रात्रीचे तीन वाजलेले असतात! मन सगळ्यात हळवं होतं त्या वेळी तिकडे कुणीच जागं नसतं. आईने फोन उचललाच तर तिची झोप मोडल्याची टोचणी वेगळी. साडेचार ते आठ हे साडेतीन तास तुमचे खरे वैरी आहेत.

म्हणून पहिला बदल फोनच्या वेळेत करा. डिसेंबरात साताऱ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा इथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि पंधरा-वीस मिनिटांत उजाडतं. तिकडची दिवेलागण, इकडची सकाळ. रोज याच वेळी वीस-पंचवीस मिनिटं बोला. यात दोन कामं होतात: ठरलेल्या वेळी उठायला कारण मिळतं, आणि संध्याकाळी फोनची वाट बघत बसणं थांबतं. व्हिडिओ कॉल तासन्‌तास नुसता चालू ठेवायची सवय मात्र मोडा. तिकडे सगळे आपापल्या कामात, आणि तुम्ही मोबाइलच्या काचेतून घर बघत बसलेले. त्याने ओढ शमत नाही, वाढते. बोलतानाही ‘बरं आहे, जेवलो’ एवढ्यावर थांबू नका. आमटीला कोणता मसाला घातला, भाकरी का थापता येत नाही, असं काही विचारा, म्हणजे आईलाही तिचा उपयोग होतोय असं वाटतं.

आता अंधार. घरची आठवण आणि उजेडाची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकदम आल्या की लोक सगळं खापर आठवणीवर फोडतात. ओळखायचं असं: चार माणसांत गेल्यावर, आवडीचं खाल्ल्यावर हलकं वाटत असेल तर ती आठवण. झोप नेहमीपेक्षा जास्त लागते, हातपाय जड होतात, सारखा भात-ब्रेड-गोड खावंसं वाटतं आणि माणसांतही जीव रमत नाही, तर त्यात उजेडाचा भाग मोठा आहे. डॉक्टर याला ऋतूनुसार येणारं नैराश्य म्हणतात. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि उजेडाचे उपचारही तेव्हापासूनचे.

बेसमेंटमध्ये ट्यूब लावून भागत नाही. घरातला उजेड साधारण २००-३०० लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, ढगाळ हिवाळी दुपारीही बाहेर काही हजार लक्स मिळतात. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालणं हे औषध समजा, आणि कामाचं टेबल त्या इवल्याशा खिडकीखाली सरकवा. त्याउपर दिवा घ्यायचा तर १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळणारा. खोक्यावरचा आकडा किती अंतरावरचा आहे ते वाचा. छोट्या स्वस्त दिव्यांत तो वीतभर अंतरावरचा असतो, नाक दिव्याला टेकवून कोण बसणार? उठल्यावर तासाभरात वीस ते तीस मिनिटं, दिवा समोर पण किंचित बाजूला, त्याच्याकडे टक न लावता. फरक जाणवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लोक चुकतात ते इथे: उदास संध्याकाळी वाटतं म्हणून दिवा संध्याकाळी लावतात. त्याने झोप पुढे ढकलली जाते आणि सकाळ आणखी जड होते. डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा कधी बायपोलरचं (मन आलटून-पालटून अति उत्साही आणि अति उदास होण्याच्या आजाराचं) निदान झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावू नका.

ड जीवनसत्त्वाचं एका ओळीत सांगतो: इथल्या हिवाळ्यातल्या उन्हाने ते त्वचेत जवळजवळ तयार होत नाही, मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट पुरतात, आणि भारतातून आणलेली ६०,००० युनिटची पाकिटं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय फोडू नयेत.

राहिली संध्याकाळ. साडेचारला अंधारात बसून राहण्यापेक्षा सव्वाचारलाच घरातले सगळे दिवे लावा. देवापुढे निरांजन लावत असाल तर जरूर लावा, पण धूप-उदबत्तीने बेसमेंटमधला धुराचा अलार्म बोंबलतो. तरी अलार्म काढून ठेवू नका, ऑन्टॅरिओत तो गुन्हा आहे. नंतर वेळखाऊ स्वयंपाक काढा. इडलीचं पीठ थंड ओट्यावर फुगत नाही, म्हणून लोक हिवाळाभर इडली सोडून देतात. ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा चालू करा आणि पातेलं आत ठेवा, दहा-बारा तासांत पीठ वर येतं. एलईडी दिवा असेल तर त्याला ऊब नसते. मग ओव्हन दोन मिनिटं गरम करून बंद करा, आत हात घालून नुसतं कोमट आहे ना बघा आणि मगच पातेलं ठेवा. दारावर ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी हवीच, नाहीतर कुणीतरी ओव्हन तापवतो आणि पिठासकट झाकण वितळतं. फोडणी देताना कोटाच्या कपाटाचं दार बंद ठेवा. चुलीवरचा पंखा बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो, आणि कुठेही गेलात तरी तुमच्या आधी हिंग पोहोचतो.

आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी घराबाहेर पडायचंच असं ठरवा, आणि वार पक्का ठेवा. ‘मूड असेल तर’ म्हणालात की मूड नसतोच. महानगरपालिकेच्या उघड्या रिंकवर स्केटिंग फुकट आहे, स्केट आणि हेल्मेट तेवढं आपलं. सार्वजनिक ग्रंथालयाच्या शंभर शाखा आहेत, तुमच्या जवळ एक असणारच. मराठी भाषिक मंडळाच्या संक्रांतीला नुसते प्रेक्षक म्हणून जाऊ नका, खुर्च्या मांडायला किंवा तिळगूळ वाटायला नाव द्या. हातात काम असलं की ओळखी आपोआप होतात. आणि एखाद्या शनिवारी दुपारी कॉलेज स्टेशनवरून चालत ॲलन गार्डन्सच्या काचघरांत जा. प्रवेश फुकट आहे. बाहेर बर्फ आणि आत ओल्या मातीचा, केळीच्या पानांचा दमट वास. चष्म्यावर धुकं साचतं, तेवढं पुसायला रुमाल न्या.

बाहेर पडणं टळतं ते बहुतेकदा कपड्यांमुळे. अंगालगत सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं आणि मग गारठवतं. लोकरी किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं उबदार कापड), वर वारा अडवणारा कोट. बूट जाड मोज्यांसकट मापून घ्या, कारण घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. वाऱ्यासह तापमान उणे २८ च्या खाली गेलं तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी फेरी मॉलमध्ये मारा.

दोन आठवडे सलग, भर दुपारीही, कशातच रस वाटत नसेल किंवा काम होईनासं झालं असेल तर वॉक-इन क्लिनिक (आधी वेळ न घेता जाता येतं असा दवाखाना) गाठा. ८११ वर फोन केला तर नर्सशी दिवसरात्र बोलता येतं. जगणं नको असे विचार आले तर थांबू नका, ९८८ वर फोन किंवा मेसेज करा. चोवीस तास कुणीतरी असतं.

आणि तिकीट. डिसेंबरात काढू नका. भाडं चढलेलं असतंच, पण खरी अडचण परतण्याची आहे: घरच्या गजबजाटातून जानेवारीच्या ऐन थंडीत, जागरण घेऊन, त्याच रिकाम्या बेसमेंटमध्ये उतराल. सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच होऊन जातो. जानेवारीअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीअखेर सहाला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि एका रात्रीत सूर्यास्त सव्वासातवर येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर जा आणि परतीची तारीख त्या रविवारनंतरची घ्या.