मोल्सवर्थ: ना मोल, ना वर्थ

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: "मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात रोज शब्द शोधते. त्याच्या नावात 'मोल' आहे आणि इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे किंमत. एकाच नावात दोनदा किंमत! हे संस्कृत आणि इंग्रजीचं जुनं नातं म्हणायचं की निव्वळ योगायोग? आणि हे आडनाव इंग्लंडात नेमकं कुठलं? या कोशकाराखेरीज दुसऱ्या कुणाचं ते ऐकलेलं नाही."

योगायोगच, पण फार सुंदर योगायोग. आपलं 'मोल' संस्कृत 'मूल्य'वरून आलं. मोल्सवर्थमधल्या 'मोल'चा त्याच्याशी संबंध नाही. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे त्यातल्या 'वर्थ'चाही इंग्रजीतल्या किंमतवाचक 'वर्थ'शी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते. किंमत या अर्थाचा शब्द साधारण 'वेओर्थ' असा होता. दुसरा 'वोर्थ', म्हणजे कुंपण घातलेली जागा, राहतं घर आणि त्याभोवतीचं आवार. पुढे दोघांचे उच्चार घासून एक झाले, स्पेलिंगही एक झालं, आणि फसगतीची सोय झाली.

तेव्हा मोल्सवर्थ हे मुळात माणसाचं नाव नाही, गावाचं आहे. इंग्लंडच्या मध्य-पूर्व भागात, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला, मोल्सवर्थ नावाचं अगदी लहान खेडं आजही आहे. पूर्वी ते हंटिंग्डनशर परगण्यात होतं, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये आहे. नॉर्मन राजा विल्यमने १०८६ साली साऱ्या देशाच्या जमिनींची मोजदाद करवली, त्या 'डूम्सडे' दप्तरात हे गाव आहे. तिथे नाव लिहिलंय 'मोलेसवोर्दे'. 'थ' हा ध्वनी नॉर्मन कारकुनांच्या जिभेला परका होता, म्हणून ते 'द'वर भागवायचे. आपल्याकडच्या मोडी कागदांतली साहेबांची नावं वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही. स्टुअर्टचा 'इष्टुर फाकडा' करणारे आपणच.

आता नावाची फोड. मधल्या 'स'कडे नीट बघा, सगळी किल्ली त्यात आहे. हा इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपला चा-ची-चे. ज्या शब्दाला तो लागलाय तो कुणा मालकाचं नाव असणार. स्थलनामांचे अभ्यासक ते नाव 'मूल' असं देतात. मूलचं वोर्थ, मूलचं आवार. मराठीत याला अगदी चपखल शब्द आहे, 'वाडी'. संस्कृत 'वाट', 'वाटिका' म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा, त्यावरून आपले वाडा आणि वाडी आले. कुंपणापासून घर, घरापासून वस्ती आणि वस्तीपासून गाव हा अर्थाचा प्रवास दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने केला. म्हणजे मोल्सवर्थचा मराठी अनुवाद होतो 'मूलवाडी', आणि आपल्या कोशकारांना कोकणी पद्धतीने हाक मारायची तर 'मूलवाडीकर'. मला स्वतःला हे नाव फार आवडतं.

हा 'मूल' मराठीतलं मूल नव्हे, हे सांगायला नकोच. जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर. शब्द लॅटिन 'मूलुस'वरून आलेला. माणसाला खेचर का म्हणावं? गाढव आणि घोडी यांची संतती म्हणजे खेचर, त्यामुळे दोन वेगळ्या कुळांतल्या आईबापांच्या मुलाला हे टोपणनाव पडत असावं, असा एक तर्क मांडतात. ते हिणवण्यापुरतंच राहिलं नव्हतं, कारण ते धारण करणारा एक राजाही होऊन गेला. तेव्हाच्या इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याचा राजा कॅडवाला याचा भाऊ मूल. दोघा भावांनी ६८६ साली केंट जिंकलं, मूल तिथल्या गादीवर बसला, आणि पुढच्याच वर्षी केंटच्या लोकांनी त्याला जिवंत जाळलं. ६९४ साली केंटकरांनी त्या खुनाची भरपाई वेसेक्सच्या राजाला दिली, तेव्हा कुठे ते वैर मिटलं. हंटिंग्डनशरच्या वाडीचा मालक मूल मात्र असाच कुणी जमीनधारक असणार. राजाचा धागा त्या गावाशी जोडू नये. नाव प्रचारात होतं, एवढ्यापुरताच हा दाखला.

'पण इंग्रजीत मोल नावाचा प्राणी आहे ना?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. आहे. जमिनीखाली बोगदे करून राहणारा, डोळ्यांनी अधू. महाराष्ट्रात तो नाही, म्हणून भाषांतरात बिचाऱ्या चिचुंद्रीला पुढे करतात. अनेक इंग्रजसुद्धा मोल्सवर्थमध्ये हाच प्राणी पाहतात. पण त्याच्यासाठी 'मोल' हा शब्द इंग्रजी लिखाणात येतो तो चौदाव्या शतकाच्या आसपास. त्याआधीची नावं निराळी, त्यांतलं एक होतं 'मोल्डवार्प', म्हणजे माती उकरून टाकणारा. गाव १०८६ सालीच दप्तरात आहे. जो शब्द अजून वापरात दिसत नाही, त्यावरून गावाचं नाव पडणार कसं? शब्दांच्या व्युत्पत्तीत कालक्रम हा सगळ्यात कडक साक्षीदार असतो. तो विरुद्ध गेला की कितीही गोड कथा सोडून द्यावी लागते.

याच मूल नावाने आणखी एक फसवणूक केली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात मोल नावाची नदी आहे. ती चुनखडीच्या टेकड्यांमधून वाहताना तिचं पाणी जागोजागी जमिनीत मुरतं, कोरड्या उन्हाळ्यात तर पात्राचा काही भाग उघडा पडतो. मग लोक म्हणतात, नदी मोलसारखी जमिनीखालून जाते, म्हणून तिचं नाव मोल. पटण्यासारखं आहे, पण खरं नाही. ही नदी जिथे थेम्सला मिळते तिथे मोल्सी नावाचं गाव आहे. जुन्या सनदेत त्याचं रूप 'मूलेसेग', म्हणजे मूलचं बेट, पाणथळीतली मूलची उंच जागा. लोकांनी मोल्सी म्हणजे मोल नदीकाठचं गाव असा उलटा अर्थ लावला आणि नदीला गावावरून नाव मिळालं. नदीचं त्याआधीचं नाव होतं एमेन. बकिंगहॅमशरमधलं मूल्सो, एसेक्समधलं मूल्शम, यॉर्कशरमधलं मोल्सक्रॉफ्ट, ही गावंही कुठल्या ना कुठल्या मूलचीच. चेशरमधलं मोल्ड्सवर्थ मात्र या घरातलं नाही. तिथला पहिला शब्द टेकडीवाचक आहे आणि त्यातला 'ड' मूळचा आहे. दिसायला जुळं, पण नातं नाही.

गावाचं नाव आडनाव कसं झालं, हे मराठी माणसाला समजावण्याची गरजच नाही. फक्त एक फरक आहे. आपण 'कर' लावतो. इंग्रज सुरुवातीला नावाआधी 'द' हे फ्रेंच अव्यय लावत, म्हणजे 'अमुक गावचा'. तेराव्या शतकाच्या अखेरीस बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचा शेरीफ वॉल्टर द मोल्सवर्थ होता. पुढच्या शतक-दीड शतकात हा 'द' गळून पडला आणि उघडं गावाचं नाव तेवढं उरलं. वर्ड्सवर्थ, ॲशवर्थ, बटरवर्थ ही सगळी अशीच. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य विल्यम वर्ड्सवर्थ, म्हणजे त्या नावाच्या कवीचे नातू, त्यांचं आडनावही वर्थ लागलेल्या गावाचंच.

मग मोल्सवर्थ इतकं दुर्मीळ का? गावावरून आडनाव पडतं ते गाव सोडल्यावर. गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच गावाचं नाव लावलं तर ओळख कशी पटणार? सावंतवाडीत सावंतवाडीकर म्हणून कुणाला ओळखता येत नाही, तसंच. म्हणजे आडनावाचा प्रसार गावातून किती घरं बाहेर पडली आणि त्यांतली किती वाढली यावर ठरतो. मोल्सवर्थ म्हणजे मूठभर घरांची वाडी. त्यातून निघालेली घराणी मोजकी, आणि १३४८-४९च्या महामारीने इंग्लंडात अशी कित्येक कोवळी आडनावं पिढीभरात संपवली. उलट ॲशवर्थ बघा. तीही लँकेशरमधली लहान वस्तीच, पण तिथली माणसं आसपासच्या खोऱ्यांत पसरली, लोकरीच्या आणि पुढे कापसाच्या धंद्यावर वाढली, म्हणून रॉसेंडेलच्या खोऱ्यात हे आडनाव आजही ठायी ठायी भेटतं. मोल्सवर्थांना असं एक घट्ट खोरं मिळालं नाही. ते विखुरले.

विखुरले ते मुख्यतः दोन दिशांना. वंशावळी दोन्ही शाखा नॉर्दॅम्प्टनशरमधल्या फॉदरिंगेच्या मोल्सवर्थांपर्यंत नेऊन पोचवतात. एक शाखा थेट नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, पेनकॅरो इथे गेली. एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलच्या सरकारी जहागिरीचा हिशेबनीस म्हणून तिकडे गेला आणि घराणं तिथेच रुजलं. त्यांना १६८९ साली बॅरोनेट हा किताब मिळाला. शेजारच्या वेडब्रिज गावातल्या मुख्य रस्त्याचं नाव आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. याच घरातला सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०-१८५५) वसाहतींना स्वराज्य द्यावं म्हणून पार्लमेंटात झगडला आणि अखेरच्या काही महिन्यांत वसाहतमंत्री झाला. तत्त्वज्ञ हॉब्ज याचे समग्र ग्रंथ त्यानेच संपादून छापले. शब्दप्रेमींसाठी आणखी एक: त्याच्या पेनकॅरोच्या बागेत चिलीहून आणलेलं काटेरी सुचिपर्णी झाड होतं. ते पाहून एक पाहुणा म्हणाला, यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल. त्या झाडाला इंग्रजीत 'मंकी पझल' म्हणू लागले ते तेव्हापासून, असं सांगतात.

दुसरी शाखा आयर्लंडला गेली. डब्लिनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६-१७२५) इंग्लंडचा वकील म्हणून डेन्मार्कच्या दरबारी राहिला, आणि परतल्यावर तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर कडक पुस्तक लिहून युरोपभर गाजला. १७१६ साली त्याला व्हायकाउंट हा सरदारकीचा किताब मिळाला. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६च्या रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती मार्लबरोच्या हाताखाली होता. सेनापती घोड्यावरून पडला तेव्हा याने स्वतःचा घोडा त्याला दिला. पुढे याच रिचर्डच्या काळात डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट वसला.

इथे नकाशा काढून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट संपतो तो आयर्लंडच्या संसदेच्या, लेन्स्टर हाउसच्या, दारासमोर. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला सर विल्यमच्या नावाचा मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, तो तिथल्या संसदेच्या आवाराला लागून जातो. एका मूठभर घरांच्या वाडीचं नाव दोन देशांच्या संसदांच्या दारात! पण यावरून मोल्सवर्थ आडनावाची माणसं तिथे पुष्कळ असतील असं समजू नये. रस्त्यांची नावं किताबवाल्यांमुळे पडतात, त्यासाठी आडनावाचं घर भरलेलं असावं लागत नाही. आडनावांचा भूगोल शोधताना ही गल्लत वारंवार होते, म्हणून मुद्दाम लिहिलं. मूळ गाव ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत गाजलं तेही वेगळ्याच कारणाने. दुसऱ्या महायुद्धातला तिथला विमानतळ अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी नेमला गेला आणि १९८५च्या फेब्रुवारीत निदर्शकांच्या छावणीला सैन्य लावून हटवण्यात आलं.

आता आपले मोल्सवर्थ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५-१८७१) हे कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातले अधिकारी. थॉमस आणि जॉर्ज कँडी या बंधूंच्या आणि इथल्या शास्त्रीमंडळींच्या साथीने केलेला त्यांचा कोश १८३१ साली निघाला, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणू लागले, आणि मला वाटतं या आडनावाला जगात कुठेही मिळालेलं सर्वांत प्रेमळ रूप हेच आहे. शेवटचा 'थ' गाळला, जोडाक्षर मोकळं केलं आणि नावाला संगमेसर, महाबळेसर यांच्या पंगतीत बसवलं. मूळ मूलची वाडी बाजूला राहिली आणि नावात देवळाची घंटा आली. काही जण 'मोलेश्वर'ही म्हणत. ज्या भाषेने या माणसाला शास्त्री केलं, त्या भाषेने त्याच्या नावात मोल वाचलं, हे मला चूक वाटत नाही. व्युत्पत्ती म्हणून मात्र ते लिहू नये.

लेखनाबद्दल आपण विचारलं नाही, पण ओघाने सांगतो. इंग्रजी उच्चार 'मोल्झवर्थ'च्या जवळचा, 'मो' दीर्घ आणि 'स' घोष. मराठीत रूढ 'मोल्सवर्थ' आहे, तेच लिहावं. 'मोलेसवर्थ' असंही छापलेलं दिसतं. डूम्सडेच्या कारकुनाने लिहिलं होतं ते तसंच, पण मधला तो 'ए' इंग्लंडात कित्येक शतकं कुणी उच्चारत नाही. आपल्याला तो 'ए' हवाच असेल, तर त्याची हक्काची जागा 'मोलेसरशास्त्री' या शब्दात आहे.