वहीवरची सही

“मी जाते आहे हे त्यांना कसे सांगू, आणि सांगावेच का?” दिव्यांग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या प्रमुखांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्यांपैकी एका बाईंचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून येथे मांडते आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठीचे केंद्र त्यांनी 19 वर्षे सांभाळले होते. माझ्याकडे त्या आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. विश्वस्त मंडळाने राजीनामा स्वीकारला होता, नव्या संचालकांची निवड झाली होती, कर्मचाऱ्यांना बंद दाराआड कल्पना दिली होती आणि पालकांना शेवटच्या आठवड्यात पत्र जाणार होते. ज्यांच्यासाठी ते केंद्र उभे राहिले त्यांना मात्र काहीच सांगायचे नाही, असे ठरले होते. “त्यांना धक्का बसेल. शेवटच्या दिवशी नेहमीसारखीच घरी जाईन, म्हणजे रडारड होणार नाही,” असे त्या म्हणाल्या.

मी वाद घातला नाही. गेल्या महिन्यात कुणाच्या वागण्यात काही वेगळे जाणवले का, एवढेच विचारले. त्यांना तिशीतला एक तरुण आठवला. रोज सकाळी हजेरीची वही घेऊन तो त्यांच्या दाराशी येई, त्या सही करत आणि तो वही पुढच्या खोलीत नेऊन देई. अलीकडे मात्र सही झाली तरी तो हलत नसे, कपाटाकडे पाहत उभा राही. “ताई, पुस्तके कुठे गेली?” असे त्याने एकदा विचारले, तेव्हा आवराआवर चालली आहे असे सांगून त्यांनी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “काल बारा होती. आज नऊ.” हे सांगता सांगता बाई मध्येच थांबल्या.

ज्यांचा दिवस ठरलेल्या क्रमावर उभा असतो, त्यांना त्या क्रमातला बारीकसा बदलही लगेच कळतो. कळत नाही ते त्याचे कारण, आणि कारण कुणी सांगितले नाही की माणूस ते पुष्कळदा स्वतःतच शोधू लागतो. आपले काही चुकले म्हणून ताई अशा वागतात, असे त्या तरुणाला वाटत नसेल कशावरून? अशा लपवाछपवीत समोरच्याला जपण्यापेक्षा त्याचे रडणे आपल्याला पाहावे लागू नये हीच इच्छा मोठी असते, असे माझे मत आहे, आणि ते मी त्यांना जरा स्पष्टच ऐकवले.

“मग काय, प्रमुखही त्यांना विचारून नेमायचा?” त्या चिडून म्हणाल्या. मी त्यांना अमेरिकेतल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाची गोष्ट सांगितली. 1864 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला 1988 पर्यंत एकही कर्णबधिर अध्यक्ष लाभला नव्हता. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अंतिम तीन उमेदवारांपैकी दोघे कर्णबधिर असूनही मंडळाने ऐकू येणाऱ्या तिसऱ्या उमेदवाराला निवडले, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडले आणि आठवडाभरातच आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या दिव्यांग हक्क करारानेही दिव्यांगांविषयीचे कायदे व धोरणे ठरवताना त्यांच्याशी सल्लामसलत करण्याचे बंधन शासनांवर घातले आहे. बाईंच्या केंद्रातली निवड तर होऊन गेली होती. पण हा बदल कसा व्हावा, हे विचारायला उशीर झालेला नव्हता.

मग एक छोटी पुस्तिका तयार झाली, प्रत्येक पानावर एक छायाचित्र आणि एक सोपे वाक्य असलेली: कोण जाणार, कोण येणार, कोणत्या तारखेला, आणि काय तसेच राहणार. “ताई सोडून जाणार” असे कुठेही लिहिले नाही. तिथल्या काही जणांच्या भाषेत सोडून जाणे म्हणजे मरणे, हे बाईंना ठाऊक होते, मला नव्हते. भिंतीवर दिनदर्शिका लागली आणि रोजच्या तारखेवर फुली मारायचे काम त्या तरुणाने आपणहून घेतले.

माझा एक सल्ला मात्र साफ चुकला. जुन्या आणि नव्या संचालकांनी तीन महिने बरोबर काम करावे, असे मी सुचवले होते. झाले असे की सगळे जुन्याच खोलीत जात राहिले आणि नवे संचालक आपल्याच केंद्रात पाहुण्यासारखे बसून राहिले. सहाव्या आठवड्यात आम्ही तो बेत मोडला आणि जाण्याची तारीख अलीकडे आणली. दिनदर्शिकेवरची खूण हलवताना त्या तरुणाला कारण सांगावे लागले; ते बाईंनी स्वतः सांगितले. वहीवर आता नवे संचालक सही करतील असे ठरले, तेव्हा त्याने चार दिवस वही काखेतून सोडली नाही. कर्मचारी कुरकुरले, पण “हजेरी थांबेल,” एवढेच नवे संचालक म्हणाले. पाचव्या दिवशी वही टेबलावर आली.

बाईंना झोप न लागण्याचे खरे कारण यानंतरच्या एका भेटीत बाहेर आले. “त्यांना माझी आठवण आलीच नाही तर?” त्यांनी खाली पाहत विचारले. आपल्यावाचून लोकांचे अडावे, ही इच्छा 19 वर्षांच्या सेवेत कधी घर करून बसली हे त्यांना कळले नव्हते, आणि ते कबूल करताना त्यांना लाज वाटत होती. त्या लाजेवर आम्ही पुढच्या तीन भेटी घालवल्या. केंद्राने बोलावल्याशिवाय सहा महिने तिकडे फिरकायचे नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला.

शेवटच्या दिवशी तो तरुण वही घेऊन त्यांच्याकडे आला. नव्या संचालकांची सही आधीच झालेली होती, ती त्याने बोट ठेवून दाखवली आणि विचारले, “ताई, तू आता सही कुठे करणार?”

झोप आता लागते, असे बाईंनी मला नंतर सांगितले. त्या प्रश्नाला मात्र त्यांना अजून उत्तर सापडलेले नाही.