काजळी घरी नेऊ नकोस

अग्निशमन दलात नवीन आलायस म्हणून सांगतो. आगीला सगळेच जपून असतात, घोळ होतो ती विझल्यावर. ज्वाळा गेल्या की लगेच मास्क उतरवू नकोस; ढिगारा धुमसतोय तोवर कार्बन मोनॉक्साइड असतोच, त्याला ना रंग ना वास. काजळीने माखलेला कोट आम्ही मिरवायचो. मूर्खपणा, दुसरं काय! २०२२ मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आपलं आग विझवण्याचं काम थेट कर्करोगकारक गटात टाकलं. मान, कानामागची जागा, मनगटं तिथल्या तिथे पुसून घे. कोट गाडीच्या केबिनमध्ये आणू नकोस. लिथियम बॅटरी विझलेली दिसली तरी काही तासांनी परत पेटू शकते, लक्ष ठेव. आणि एखादं मूल हाती लागलं नाही, की झोप उडते. तेव्हा सोबतच्याशी बोल. मी दोन वर्षं गप्प राहिलो होतो.